फेस म्हणजे स्वच्छता नव्हे

"कपडे मशीन धुतं गं, माणूस कुठे धुतो? माणसाने फक्त बटण दाबायचं असतं," सकाळी चहाचा कप खाली ठेवत आवाजवाले म्हणाले.

पायात चप्पल सरकवता सरकवता बायकोने मागे वळून पाहिलं. "असं? मग आज तूच दाब."

आवाजवाल्यांना सगळी सोसायटी आवाजवाले म्हणूनच ओळखायची. त्यांचा धंदाच तो होता. बँकेला फोन लावला की 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगून जो माणूस गायब होतो, तो आवाज यांचा. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये 'कृपया दरवाजापासून दूर राहा' असं जो बजावतो, तोही यांचाच. आणि त्यांच्या बाल्कनीत जे काचेच्या दाराचं, कमी पाण्यात नि कमी साबणात कपडे धुणारं नवं मशीन उभं होतं, त्याच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर अडल्यानडल्या ग्राहकांना धीर देणारा आवाजसुद्धा यांचाच होता. मशीन कसं भरावं, साबण किती घालावा, फेस झाला तर काय करावं, सगळं त्यांनी स्टुडिओत बसून झकास रेकॉर्ड केलं होतं. कंपनी इतकी खूष झाली की तिने एक मशीनच घरी पाठवून दिलं.

आता गंमत अशी, की हे सगळं वाचताना आवाजवाल्यांचं लक्ष 'ध' नीट उमटतोय ना आणि 'फ'ची फुंकर माइकवर बसत नाही ना, एवढ्याकडेच होतं. अर्थाकडे बघायला सवड कुणाला होती? मशीन घरी आल्यापासून त्याचं दार त्यांनी एकदाही उघडलं नव्हतं. ते बायकोचं खातं.

"हे बघ, चेष्टा नाही," बायको दारातून परत आत आली. "माझा पांढरा कोट आहे त्यात. दुपारी माझी परीक्षा आहे, माहितीय ना?"

माहीत नसायला काय झालं? गेला महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. बायको एका केकच्या दुकानात कारागीर होती आणि तिच्या हाताला अशी चव होती, की मालक तिला सुट्टी द्यायला घाबरायचा. आज एका मोठ्या हॉटेलात तिला केक करून दाखवायचा होता. जमलं तर केक-पेस्ट्रीचं आख्खं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. दुकानातले कोट चालणार नव्हते, कारण त्यांच्या पाठीवर दुकानाचं नाव हे एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. नव्या ठिकाणी नोकरी मागायला जाताना जुन्या मालकाची जाहिरात पाठीवर घेऊन कोण जाईल? राहिला तो एकच कोट, तिला हे काम शिकवणाऱ्या बाईंनी निवृत्त होताना स्वतःच्या अंगावरून काढून दिलेला. आणि परवा सराव करताना त्याच्याच बाहीवर चॉकलेट सांडलं होतं.

"ते हॉटेलवाले आधी कोट बघतात, मग केक," बायको म्हणाली. "कोट मळका दिसला तर चमचासुद्धा उचलत नाहीत. तेव्हा नीट ऐक. कोट आणि त्याच्याबरोबर चारच पांढरे टॉवेल. साबण त्या छोट्या बाटलीतला, झाकणातल्या खालच्या..."

"खालच्या रेषेपर्यंत!" आवाजवाल्यांनी हात वर करून तिला थांबवलं. "अगं, हे तू मला सांगतेस? मला? हे वाक्य माझं आहे. आख्खं गाव माझं ऐकून कपडे धुतं."

"आख्खं गाव ऐकतं, तूही ऐक म्हणजे झालं. अकरा-बाराच्या सुमारास घरी येते मी."

ती गेली. आवाजवाल्यांनी बाह्या सरसावल्या आणि शीळ घालत बाल्कनीत गेले.

दार उघडून त्यांनी आत कोट टाकला, चार टॉवेल टाकले आणि वाकून पाहिलं. एवढं मोठं पोट आणि त्यात तळाशी चिमूटभर कपडे! त्यांना ते काही बरं दिसेना. एका कोटासाठी एवढं धूड फिरवायचं म्हणजे चैन झाली. शिवाय बायको घरी येईल तेव्हा नुसता कोट नव्हे, घरच लख्ख दिसलं पाहिजे, म्हणजे तोंडात बोट घालील. त्यांनी हॉलचे पडदे काढले. सोफ्याची खोळ काढली. दारातलं पायपुसणं उचललं. आणि मग त्यांची नजर त्यांच्या रजईवर गेली.

ही रजई म्हणजे आवाजवाल्यांचं घरचं ऑफिस होतं. छोटं-मोठं काम असलं की बाहेरचे आवाज नकोत म्हणून ते माइक घेऊन रजईखाली शिरायचे आणि घामाघूम होत 'थंडगार ताजेपणा अनुभवा' असं काहीतरी म्हणायचे. राखाडी, जाडजूड, आणि आजवर कधी पाण्याचं तोंड न पाहिलेली. तिला त्यांनी गुडघा लावून मशीनमध्ये कोंबलं, दार खांद्याने रेटलं, आणि कडी बसल्याचा टक् आवाज आल्यावर स्वतःवरच खूष झाले.

साबणाची छोटी बाटली त्यांनी हातात घेऊन निरखली. तिचं झाकण खोकल्याच्या औषधाच्या झाकणाएवढं. त्यातही म्हणे खालची रेष! एवढ्याशा साबणात रजईची एक शिवण तरी धुतली जाईल का? ही बहुतेक नमुन्याची बाटली असावी, असं ठरवून त्यांनी ती बाजूला ठेवली आणि मोरीतला जुना, बादलीत कपडे भिजवायचा पावडरचा डबा आणला. एक वाटी घातली. रजईसाठी आणखी एक. पडदे मळके होते म्हणून त्यांच्या नावाने अर्धी. मग बटण दाबलं, स्टूल ओढलं आणि काचेसमोर ठाण मांडून बसले.

मशीन फिरायला लागलं. पण पाणी काही दिसेना. काचेतून नुसती रजई दिसत होती, दाराला गाल चिकटवून बसलेली. मशीनने जे काही पाणी घेतलं ते तिनेच पिऊन टाकलं होतं. कोट कुठे होता देव जाणे.

"च्यायला, कोरडंच घासतंय की काय हे!" आवाजवाले पुटपुटले. बिचाऱ्या मशीनला पाणी कमी पडतंय, नळाला जोर नसेल, असा त्यांनी उदार मनाने अर्थ लावला. साबणाचा खण ओढला आणि मगाने त्यात पाणी ओतलं. एक मग. मग आणखी एक. पाण्याबरोबर खणात अडकलेली सगळी पावडरही आत गेली. तरी काचेत पाणी दिसेना, म्हणून त्यांनी बादलीच आणून रिकामी केली.

त्यानंतर मात्र काचेत काहीतरी दिसायला लागलं.

आधी खालच्या बाजूला पांढरी किनार आली. आवाजवाले खुशीत आले. "हां! आता कसं!" किनार वर चढली. रजई दिसेनाशी झाली. मग काचच पांढरी झाली, आणि मग साबणाच्या खणातून फेस हळूच बाहेर आला, मशीनच्या पोटावरून घरंगळला आणि फरशीवर पसरू लागला. आवाजवाल्यांनी खण हाताने दाबून धरला, तर फेस त्यांच्या बोटांमधून येऊ लागला. पाय लावला, तर पायजम्यावर चढला. तेवढ्यात मशीन थांबलं. वरच्या छोट्या पडद्यावर कसलीशी अक्षरं लुकलुकू लागली आणि मशीन करुण सुरात कुईं कुईं करू लागलं.

आवाजवाल्यांनी दार ओढलं. दार उघडेना. दोन्ही हातांनी ओढलं, भिंतीला पाय लावून ओढलं. दार ढिम्म हललं नाही, पाय मात्र फेसावरून सटकला आणि ते होते तिथेच बसकण मारून बसले.

"अहो आवाजवाले!" खालून खणखणीत हाक आली. खालच्या मजल्यावरच्या काकू केसांना रंग लावून बाल्कनीत उन्हाला बसल्या होत्या. "वरून काय पडतंय हे? माझ्या डोक्यावर काय सोडलंत?"

आवाजवाल्यांनी कठड्यावरून खाली डोकावलं. बाल्कनीच्या भोकातून फेसाचे गोळे टपाटप खाली चालले होते. काकूंच्या काळ्याभोर डोक्यावर मधोमध एक पांढराशुभ्र गोळा विसावला होता.

"काही नाही काकू, जरा धुणं काढलंय!"

"तुम्ही?" काकूंच्या आवाजात रागापेक्षा काळजी जास्त होती. "घरात बायको नाही वाटतं?"

आवाजवाले डोकं आत घेऊन विचार करू लागले. कोट आत, दार बंद, बायको येणार, आणि दुपारी परीक्षा. बायकोला फोन करावा? छे! सकाळच्या त्या बढाईनंतर कुठल्या तोंडाने करायचा? माहितीपुस्तिका होती, पण ती आल्या दिवशीच त्यांनी माइकच्या डुगडुगणाऱ्या स्टँडखाली घडी करून घातली होती, आणि स्टँडच्या ओझ्याने तिचा पार चुरा झाला होता. राहता राहिला मदत क्रमांक. तो मशीनवरच लिहिलेला होता. त्यांनी लावला.

"नमस्कार!" पलीकडून एक धीरगंभीर, मधाळ आवाज आला. "आपल्या मशीनमध्ये काही अडचण आली आहे का? घाबरू नका. आपण मिळून ती सोडवू."

आपलाच आवाज ऐकून आवाजवाल्यांना क्षणभर बरं वाटलं. 'आपण मिळून' काय सुरेख सुटलं होतं!

"फेस जास्त झाला असल्यास एक दाबा," आवाज म्हणाला. त्यांनी साबणाच्या बोटाने एक दाबलं. "सर्वप्रथम, स्वतःला काही प्रश्न विचारू या. मशीन भरताना आत, कपड्यांच्या वर, आपला हात सहज जाईल एवढी जागा सोडली होती का?"

आवाजवाल्यांना गुडघ्याने कोंबलेली रजई आठवली.

"या मशीनमध्ये कपडे पाण्यात बुडत नाहीत. ते वरून खाली पडतात आणि त्या पडण्यानेच स्वच्छ होतात. पडायला जागाच नसेल, तर ते स्वच्छ कसे होतील बरं?"

हे 'बरं' कागदावर नव्हतं. ते आवाजवाल्यांनी आपल्या मनाने टाकलं होतं आणि दिग्दर्शकाने टाळी वाजवली होती. आता ते 'बरं' त्यांना कानफटात बसल्यासारखं लागलं.

"साबण कमी फेसाचाच घेतला आहे ना? आणि झाकणातल्या खालच्या रेषेपर्यंतच? लक्षात ठेवा, फेस म्हणजे स्वच्छता नव्हे."

"हो रे बाबा, कळलं," आवाजवाले कळवळून म्हणाले.

"आणि पाणी कमी वाटलं म्हणून," इथे आवाज हलकेच हसला, "वरून बादली तर ओतली नाहीत ना?"

ते हसूही त्यांचं स्वतःचं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यांना वाटलं होतं की इथे थोडं हसावं, असा मूर्खपणा जगात कोण करणार! आज पहिल्यांदाच त्यांना कळलं की हा रेकॉर्डिंगमधला माणूस किती आगाऊ आहे. समोर असता तर त्यांनी त्याची गचांडी धरली असती.

"प्रतिनिधीशी बोलण्यासाठी नऊ दाबा." त्यांनी नऊ दाबलं. मग वाट बघण्याची धून सुरू झाली. त्या दिवशी वादक आला नव्हता, म्हणून ती धूनही आवाजवाल्यांनीच गुणगुणलेली होती. स्वतःचं बेसूर गुणगुणणं ऐकत ते फेसात बसून राहिले.

अखेर एक मुलगी बोलली, "नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

आता आवाजवाल्यांची एक खोड होती. फोन कानाला लागला की त्यांचा आवाज आपोआप माइकपुढचा व्हायचा. घशात नरमाई यायची, शब्द सुटे सुटे पडायचे. भाजीवाल्याला फोन केला तरी त्याला वाटायचं बँकेतून आलाय. "नमस्कार," ते म्हणाले, "आपल्या मशीनमध्ये फेस जास्त झाला असून, दरवाजा उघडत नाही..."

पलीकडे मुलगी कुणाला तरी म्हणाली, "अय्या मॅडम, रेकॉर्डिंग उलटं माझ्याकडेच आलंय!" आणि फोन कट.

त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा घाबरू नका, पुन्हा रजई, पुन्हा बादलीचं हसू, पुन्हा बेसूर धून. पुन्हा तीच मुलगी.

"हे पाहा, मी रेकॉर्डिंग नाही," आवाजवाले शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाले. "मी खराखुरा माणूस आहे."

"मॅडम!" मुलगी किंचाळली. "आता ते म्हणतंय मी माणूस आहे!" पुन्हा कट.

आवाजवाले हातातल्या फोनकडे बघत राहिले. ज्या आवाजावर आजवर पोट भरलं तोच आज आडवा आला होता. सुदैवाने त्यांच्याकडे आणखी दोन आवाज होते. एक दात किडवणाऱ्या जंतूचा, टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी कमावलेला. धुण्याची चौकशी करायला जंतूने फोन करावा हे काही बरं दिसलं नसतं. दुसरा म्हातारीचा होता, मुलांच्या गोष्टींसाठी. त्यांनी घसा खाकरला, गाल आत ओढले आणि तिसऱ्यांदा फोन लावला.

"हॅलो? बाळा, मी आजी बोलतेय गं," ते थरथरत्या किनऱ्या आवाजात म्हणाले. "ते मेलं मशीन बंद पडलंय बघ."

"अगंबाई, आजी!" मुलीचा आवाज एकदम विरघळला. "तुम्ही कशाला धुताय या वयात? घरात मुलगा नाही का?"

"आहे ना. असून नसल्यासारखा."

"म्हणजे हो?"

"अगं, देवाने नुसता गळा दिलाय त्याला. तोंडाने सगळं येतं, हाताने काही येत नाही." बोलता बोलता आवाजवाल्यांना नवल वाटलं, की हे सांगायला किती सोपं जातंय. "जगाला शहाणपण शिकवतो आणि घरात बायको काही सांगायला लागली की मध्येच तिचं वाक्य तोडतो."

"असतात असे," मुलगी अनुभवी सुरात म्हणाली. "आजी, आमच्या रेकॉर्डिंगमध्ये ते काका सांगतात ना, ते ऐकलंत का? फार हुशार आहेत ते."

"कसला हुशार! मला तर महाआगाऊ वाटला मेला."

मुलगी खुदकन हसली आणि मग शांतपणे एकेक सांगू लागली. आधी मशीन बंद करा. थोडा वेळ जाऊ द्या, फेस आपोआप बसतो. मग खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण आहे ते उघडा, आत एक बारीक नळी आहे. तिचं बूच काढून पाणी पसरट भांड्यात घ्या, घाई करू नका. पाणी गेलं की दार आपोआप सुटेल.

पसरट भांडं! झाकण जमिनीला इतकं लागून होतं की बादली खाली जाईना, पातेलं जाईना. आवाजवाले स्वयंपाकघरात धावले आणि बायकोचे केकचे साचे घेऊन आले. गोल साचा भरला, तो मोरीत ओतला. चौकोनी लावला. मग बदामाच्या आकाराचा. फोन खांदा आणि गालाच्या मध्ये, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि तोंडाने आजी चालूच.

खाली काकूंनी डोकं धुतलं होतं आणि त्या पुन्हा बाल्कनीत आल्या होत्या. वरून म्हाताऱ्या बाईचा कापरा आवाज त्यांनी ऐकला. कान टवकारले. 'मुलगा असून नसल्यासारखा' एवढं स्पष्ट कानावर आलं. काकूंचा जीव तुटला. त्यांनी ताबडतोब आवाजवाल्यांच्या बायकोला फोन लावला. "अगं, तुझ्या सासूबाई आल्यात वाटतं गावाहून. मुलाच्या नावाने रडतायत बिचाऱ्या, आणि धुणं करायला लावलंय त्यांना! वरून फेस काय पडतोय, काही विचारू नकोस. आधी घरी ये."

सासूबाई न कळवता टपकायच्या, हे बायकोला सवयीचं होतं. पण मशीनशी सासूबाई, आणि मशीनमध्ये कोट! तिने हातातली क्रीमची पिशवी तशीच ठेवली आणि रिक्षा पकडली.

किल्लीने दार उघडून ती आत आली तेव्हा हॉलला पडदे नव्हते आणि सोफा उघडाबोडका बसला होता. बाल्कनीतून म्हातारीचा आवाज येत होता. ती दाराशी गेली आणि तिथेच थबकली. पाठमोरा नवरा, हातात केकचा बदामी साचा, चोहीकडे फेस, आणि तोंडातून आजी.

"आजी, रडू नका हो," फोनमधून मुलगी म्हणत होती. "कोटच आहे ना? दुसरा घेता येईल."

"नाही गं बाळा, दुसरा नाही," आजी म्हणाली. आता आवाज कापायला अभिनय करावा लागत नव्हता. "सुनेचा कोट आहे. आज परीक्षा आहे तिची. पहाटे उठून कामाला जाते, रात्री घरी येऊन पुन्हा सराव करते. मीच आपली सकाळी तोऱ्यात म्हणाले, धुणं काय, मशीन करतं! माझ्यापायी तिचं आज काही हुकलं ना, तर मला तोंड दाखवायला जागा नाही."

मशीनने टक् केलं. दार सुटलं. आवाजवाल्यांनी आनंदाने मागे वळून पाहिलं आणि त्यांच्या हातातला साचा निसटून फरशीवर घणघणला.

"आजी? काय पडलं? आजी?" फोन ओरडत होता.

बायकोने पुढे होऊन फोन त्यांच्या खांद्यावरून काढून घेतला. "सून बोलतेय," ती म्हणाली. "आजी बऱ्या आहेत. आता बघते मी त्यांच्याकडे."

"नक्की ना? त्यांना रागावू नका हां. मी संध्याकाळी स्वतः फोन करून विचारीन."

आवाजवाले काही बोलायला गेले, पण घशातून अजून आजीच निघाली. त्यांनी तोंड मिटलं. बायकोने पदर... नव्हे, दुकानातला ॲप्रनच कंबरेला घट्ट खोचला आणि मशीनमधून रजई ओढायला घेतली. दोघांनी मिळून ओढली तेव्हा कुठे ती बाहेर आली. मग पडदे, खोळ, पायपुसणं, टॉवेल. सगळ्यात शेवटी कोट निघाला. अंगभर साबण, त्यावर रजईचे राखाडी धागे, आणि बाहीवरचं चॉकलेट जसंच्या तसं.

"याला पाणीच लागलेलं नाही," बायको म्हणाली. "एवढा सगळा कारभार केलास, आणि डाग आहे तिथेच आहे."

"मारायचं तर मार, पण आधी कोटाचं काय ते सांग," आवाजवाले आपल्या आवाजात म्हणाले. तो आवाज आता बराच बारीक झाला होता.

"काकूंनी बोलावलं म्हणून वेळेत आले मी, अजून होईल. जागेवरून हलू नकोस, नुसतं बघ." तिने कोट झटकून धागे काढले, टॉवेलांसकट आत टाकला आणि साबण न घालता नुसत्या पाण्याने खळबळून काढला. मग पुन्हा एकदा. तोवर फेस दिसेनासा झाला. बाहीवरच्या डागावर छोट्या बाटलीतले थेंब टाकून तिने तो बोटांनी हळूहळू चोळला आणि तसाच मुरू दिला. मग हात आत घालून म्हणाली, "कपड्यांच्या वर हात सहज जाईल एवढी जागा. कपडे पाण्यात बुडत नाहीत, ते वरून खाली पडतात. पडायला जागाच नसेल, तर ते स्वच्छ कसे होतील बरं?"

ते 'बरं' तंतोतंत त्यांच्यासारखं होतं. थांबायची जागासुद्धा तीच.

"तू... तू ती पुस्तिका पाठ केलीयस?"

"पुस्तिका तू स्टँडखाली घातलीस पहिल्याच दिवशी. मी फोन लावून शिकले, तुझ्या त्या नंबरवर."

"अगं, मी घरातच होतो की! मला विचारायचं."

"विचारलं होतं. तू म्हणालास, आता नको, रजईत आहे." झाकणातल्या खालच्या रेषेपर्यंत साबण ओतत ती म्हणाली. "फोनवर बरं असतं रे. तीनदा विचारलं तर तिन्ही वेळा तेवढ्याच गोडीने सांगतोस. 'घाबरू नका' म्हणतोस, 'आपण मिळून' म्हणतोस. घरी दुसऱ्यांदा विचारलं की डोळे वटारतोस. मशीन केव्हाचं शिकून झालंय माझं. तरी कधीकधी लावते मी तो नंबर."

आवाजवाल्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. ते निमूटपणे फडकं घेऊन फरशी पुसायला बसले. मशीन आता शांतपणे फिरत होतं. काचेत पाणी दिसत नव्हतं, फेस दिसत नव्हता, फक्त एक पांढरी बाही वर जायची आणि खाली पडायची.

कोट निघाला तो पिळून जवळजवळ कोरडा. बाही उजेडाला धरून बायकोने निरखली. डाग गेला होता.

"इस्त्री मी करतो," आवाजवाले उत्साहाने उठले.

"नको!" बायको इतक्या जोरात म्हणाली की खालून काकूंनी विचारलं, "सासूबाई बऱ्या आहेत ना गं?"

बायको कोट घालून, धुतलेले साचे पिशवीत भरून निघून गेली. दुपारभर आवाजवाल्यांनी घर पुसलं, पडदे बादलीत धुतले, रजई कठड्यावर टाकली. ती काकूंच्या बाल्कनीत ठिबकत राहिली आणि काकू अधूनमधून खालून बोलत राहिल्या. आवाजवाल्यांचं लक्ष मात्र दाराकडे होतं.

संध्याकाळी बायको आली. चेहऱ्यावरून काही कळेना. तिने चपला काढल्या, पाणी प्यायली, कोट काढून खुर्चीच्या पाठीला नीट लावला.

"काय झालं? सांग ना," आवाजवाले म्हणाले. आणि मग घाईने, "सावकाश सांग. मला काही घाई नाही."

बायको हसली. "मिळालं. सोमवारपासून यायला सांगितलंय. त्यांच्या मुख्य बाई म्हणाल्या, बदामाच्या आकाराचा केक छान आहे, पण साबणाचा वास कुठून येतोय?"

आवाजवाले तोंड उघडणार, एवढ्यात फोन वाजला. बायकोने उचलला, ऐकलं आणि डोळे मिचकावत त्यांच्यापुढे धरला. "त्या मुलीचा आहे. आजींना विचारतेय."

"अगं, नको! सांग ना तिला खरं."

"तूच बोल. काळजीने फोन केलाय पोरीने."

आवाजवाल्यांनी गाल आत ओढले. "हॅलो? हो गं बाळा, मीच. सून पास झाली बघ. हो, कोट स्वच्छ निघाला. अगदी तुझ्यामुळे."

"किती छान, आजी!" फोनमधून एवढ्या मोठ्याने आलं की बायकोलाही ऐकू गेलं. "आणि मुलगा? त्याला काही फरक पडला का?"

आवाजवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट बघत होती.

"तो होय?" आजी म्हणाली. "त्याला अजून भिजत घातलाय गं. फार जुना डाग आहे, एका धुण्यात निघायचा नाही."